औषध लागू पडतंय का? ऑपरेशनआधीच्या केमोचा परिणाम स्तनाच्या एमआरआयवर जोखताना

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनच्या आधी केमोथेरपी सुरू झाली की दोन-तीन सायकलनंतर प्रत्येक घरात एकच प्रश्न घोळत असतो: गाठ विरघळतेय का? हाताला ती लहान लागते, मऊ लागते, कधी लागेनाशीच होते. पण हात फसतो. मेलेल्या पेशींच्या जागी तयार होणारा तंतुमय चट्टा हाताला गाठीइतकाच कडक लागतो, आणि उलट, पातळ पसरून उरलेला रोग हाताला लागतच नाही. स्तनाचं पोत घट्ट असेल तर मॅमोग्राफीत गाठीच्या कडा हरवतात. सोनोग्राफी उपयोगी खरी, पण ती करणाऱ्याच्या हातावर बरीच अवलंबून असते आणि मोठी किंवा ठिकठिकाणी पसरलेली गाठ तिच्या चौकटीत मावत नाही.

कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय वेगळीच गोष्ट पाहतो, ती म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा. कर्करोगाने स्वतःसाठी उभ्या केलेल्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं द्रव्य, त्यांतून बाहेर झिरपतं आणि गाठ उजळते. औषध लागू पडलं की हा उजेड ओसरतो, बऱ्याचदा आकार कमी होण्याच्याही आधी.

माझं मत आधीच सांगून टाकते. या तपासणीचं निम्मं यश पहिल्या केमोच्या आधीच ठरतं. प्रतिसाद मोजायचा म्हणजे तुलना करायची, आणि तुलनेची पहिली बाजूच धड नसेल तर शेवटचा एमआरआय कितीही भारी मशीनवर केला तरी उपयोग नाही. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

मुळात एवढं जोखायचं कशासाठी

पूर्वी ही केमो प्रामुख्याने ऑपरेशन शक्य नसलेल्या मोठ्या गाठींसाठी असायची. १९८८ ते १९९३ या काळात १५२३ रुग्ण घेऊन झालेल्या एनएसएबीपी बी-१८ या चाचणीत दिसलं की तीच औषधं ऑपरेशनच्या आधी दिली काय किंवा नंतर दिली काय, आयुष्यमानात फरक पडत नाही. आधी दिल्याने स्तन वाचवता येण्याचं प्रमाण मात्र वाढतं. पुढे आणखी एक फायदा लक्षात आला. गाठ शरीरात असतानाच औषध कितपत काम करतंय हे डोळ्यांसमोर दिसतं आणि त्यावरून पुढचे उपचार ठरवता येतात.

ऑपरेशननंतर काढलेल्या भागात आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत आक्रमक, म्हणजे दुधाच्या नळ्यांची भिंत ओलांडून बाहेर पसरलेला, कर्करोग अजिबात सापडला नाही, तर त्याला पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स, थोडक्यात पीसीआर म्हणतात. कोविडच्या चाचणीशी त्याचा संबंध नाही, पण रिपोर्ट हातात पडल्यावर हा गोंधळ होतोच. दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिलेला रोग, म्हणजे डीसीआयएस, उरला तरी बहुतेक व्याख्यांत पीसीआर धरतात. पीसीआर मिळालेल्यांची पुढची वाटचाल सरासरीने चांगली असते. ट्रिपल निगेटिव्ह (ज्यात हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह (ज्यात हर-टू जास्त असतं) प्रकारांत हा संबंध सर्वात ठळक आहे. ज्यांच्यात रोग उरतो, त्यांच्यासाठी ऑपरेशननंतर औषध बदलता येतं. हर-टू प्रकारात टी-डीएम-वन हे औषध दिल्याने आक्रमक रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला, हे कॅथरीन चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये उरलेल्या रोगासाठी कॅपेसिटाबीनचा पर्याय २०१७ च्या क्रिएट-एक्स चाचणीने दिला.

पण पीसीआर कळतो तो ऑपरेशननंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. एमआरआयचं काम त्याआधीचा शक्य तितका अचूक अंदाज देण्याचं. अंदाज हा शब्द शेवटपर्यंत सोडायचा नाही.

पायरी पहिली: एमआरआय कोणाला आणि कधी

ऑपरेशनआधी केमो घेणाऱ्या सगळ्यांना चार-चार एमआरआय लागतात असं नाही. तपासणीच्या उत्तराने निर्णय बदलणार असेल तिथे ती करावी. स्तन वाचवायचा विचार आहे, एकाहून जास्त गाठी आहेत, स्तनाचं पोत घट्ट आहे, लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या भागांतून सुरू होणारा) प्रकारचा कर्करोग आहे किंवा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, अशा ठिकाणी एमआरआय पैसे वसूल करून देतो. उपचाराला प्रतिसाद कसाही आला तरी पूर्ण स्तन काढायचाच हे ठरलेलं असेल, तर त्याचं महत्त्व बरंच घटतं.

वेळापत्रकाचा किमान आराखडा दोन तपासण्यांचा: एक पहिल्या केमोच्या आधी, दुसरी शेवटच्या केमोनंतर ऑपरेशनच्या आधी. मधली तपासणी साधारणपणे औषधांचा एक संच संपून दुसरा सुरू होताना करतात. अमेरिकेत ऑपरेशनआधीच्या उपचारांवर झालेल्या आय-स्पाय चाचण्यांत मात्र चार वेळा एमआरआय केले जातात. २०१० साली सुरू झालेल्या आय-स्पाय टू मध्ये उपचार सुरू झाल्यावर अवघ्या तीन आठवड्यांनी दुसरा एमआरआय असतो. संशोधनासाठी ते योग्यच आहे. रोजच्या उपचारांत इतक्या लवकर केलेल्या तपासणीवरून औषध बदलण्याची पद्धत अजून सर्वमान्य झालेली नाही, त्यामुळे कोणी तीन आठवड्यांनी एमआरआय सुचवला तर त्यातून नेमकं काय ठरणार आहे हे विचारायला संकोच करू नका.

पायरी दुसरी: बेसलाइन, म्हणजे सगळ्याचा पाया

पहिला एमआरआय केमोचा पहिला डोस जाण्याच्या आधीच व्हायला हवा. "एक सायकल होऊन जाऊ दे, मग बघू" असं झालं की पाया गेला. काही ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू गाठी पहिल्याच सायकलनंतर इतक्या झपाट्याने आकसतात की मूळ व्याप्ती नंतर कोणालाच सांगता येत नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी काही गोष्टी तोंडाने सांगायच्या, फॉर्मवर टिक करून सोडून द्यायच्या नाहीत: शरीरात पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा धातूचा तुकडा आहे का, किडनीचा आजार आहे का, पूर्वी कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली होती का, गर्भधारणेची शक्यता आहे का. गर्भारपणात गॅडोलिनियम टाळतात. किडनीचं काम खूपच कमी झालेलं असेल, म्हणजे ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर कोणतं कॉन्ट्रास्ट द्यायचं हे रेडिओलॉजिस्ट विचारपूर्वक ठरवतात. स्तनात मॅग्नेटिक पोर्ट असलेला टिश्यू एक्स्पांडर असेल तर तो आवर्जून सांगावा. अशा अनेक एक्स्पांडरांसोबत एमआरआय करता येत नाही. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी सांगा. सौम्य गुंगीची सोय करता येते, पण ऐनवेळी नाही.

पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत एरवी स्तनाचा एमआरआय पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात करणं चांगलं, कारण इतर दिवशी निरोगी ऊतकही जास्त उजळतं. कर्करोगाचं निदान झालेलं असताना मात्र तेवढ्यासाठी उपचार लांबवायचे नाहीत.

बेसलाइनच्या रिपोर्टमध्ये काय असावं, हे निवासी डॉक्टरांनी वहीत लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. गाठीची तिन्ही दिशांची मापं. गाठीभोवती पसरट उजळणारा भाग असेल तर तो धरून एकूण व्याप्ती वेगळी. स्तनाग्रापासूनचं अंतर, त्वचेपासूनचं अंतर. मागच्या स्नायूचा संबंध: नुसती चरबीची रेघ पुसली गेली म्हणजे स्नायूत रोग शिरला असं होत नाही, स्नायू स्वतः उजळायला हवा. आणि पेक्टोरल स्नायूत रोग शिरला तरी तेवढ्याने छातीच्या भिंतीचा रोग ठरत नाही. त्यासाठी बरगड्या किंवा त्यांच्यामधले स्नायू धरले जावे लागतात. त्यानंतर काखेतल्या आणि छातीच्या हाडाच्या मागच्या ग्रंथी, आणि दुसरा स्तन.

चांगल्या रिपोर्टमधली एक ओळ साधारण अशी असते: "उजव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात, घड्याळाच्या १० च्या दिशेला, स्तनाग्रापासून ६ सेंमी अंतरावर ४.० × ३.० × ३.० सेंमीची अनियमित कडांची गाठ. तिच्या पुढे स्तनाग्राकडे २.५ सेंमीपर्यंत पसरट उजळलेला भाग. एकूण व्याप्ती ६.५ सेंमी." यातलं शेवटचं अर्धं वाक्य गाळलं तर सर्जनला ४ सेंमीचीच गाठ दिसते.

बेसलाइन एमआरआयमध्ये पूर्वी न दिसलेली दुसरी जागा उजळलेली सापडणं हे नेहमीचंच आहे. ती जागा ऑपरेशनचा बेत बदलणारी असेल तर तिची बायोप्सी केमोच्या आधी करून घ्यावी. हे टाळण्याचा मोह होतो, कारण सगळ्यांना उपचार सुरू करायची घाई असते. पण केमोनंतर ती जागा दिसेनाशी झाली, तर तिथे कर्करोग होता की साधी गाठ होती याचं उत्तर कधीच मिळणार नाही, आणि मग केवळ संशयापोटी स्तनाचा मोठा भाग जाऊ शकतो.

पायरी तिसरी: क्लिप

औषधाने गाठ पूर्ण नाहीशी झाली तर आनंदच, पण मग सर्जनने नेमकं कुठे कापायचं? यासाठी गाठीच्या मध्यात तिळाएवढी क्लिप ठेवतात. बायोप्सीच्या वेळी किंवा केमोच्या अगदी सुरुवातीला सोनोग्राफीखाली ती बसवता येते. दोन गाठी असतील तर दोन वेगळ्या आकारांच्या क्लिपा. काखेतल्या ग्रंथीत रोग सिद्ध झाला असेल तर तिथेही. क्लिप टायटॅनियमसारख्या धातूची असते, एमआरआयला चालते आणि चित्रात बारीक काळा ठिपका म्हणून दिसते.

एक सावधगिरी मात्र हवी. ऑपरेशनच्या वेळी जागा शोधायला काही ठिकाणी बारीक चुंबकीय खूण वापरतात. ती एमआरआयला धोकादायक नसते, पण तिच्याभोवती चित्रात काही सेंमीचा काळा डाग पडतो आणि नेमकी गाठीची जागाच झाकली जाते. पुढे एमआरआय व्हायचा असेल तर अशी खूण शेवटच्या एमआरआयनंतरच ठेवावी. सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांचं आधी बोलणं झालं नाही की हे हमखास घडतं.

पायरी चौथी: दर वेळी तोच स्कॅन, त्याच पद्धतीने

रुग्णाच्या बाजूने तपासणी अशी होते. हाताच्या शिरेत कॅन्युला लावतात. पालथं झोपायचं, दोन्ही स्तन खालच्या कॉइलच्या खळग्यांत सैल सोडायचे, हात डोक्याच्या दिशेने पुढे. मशीनचा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन. साधारण अर्धा तास हलायचं नाही. कॉन्ट्रास्ट जाताना हातात गार ओघ जाणवतो, कधी तोंडात धातूसारखी चव येते. स्टर्नमवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, जास्त दाब येतो आणि तिथे पाच मिनिटांत दुखायला लागतं. सुरुवातीलाच तंत्रज्ञाला सांगून तिथे उशी किंवा घडी घालून घ्या. स्कॅन सुरू झाल्यावर हललं की उजळण्याची सगळी मोजणी बिघडते.

तांत्रिक बाजूत तुलनेला बाधा येईल असं काही बदलू नये, हा एकच नियम. शक्य असेल तर तेच केंद्र, तेच मशीन, १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकावर बेसलाइन झाली असेल तर पुढचंही शक्यतो त्यावरच. कॉन्ट्रास्टचा डोस वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल, केमोत वजन कमी-जास्त होतं, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने वजन करायचं. कॉन्ट्रास्टच्या आधी एक आणि नंतर मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने अनेक मालिका घेतात. कर्करोग बहुधा पहिल्या दोन मिनिटांत सर्वाधिक उजळतो, म्हणून पहिल्या मालिकेची वेळ दर तपासणीत सारखीच राहिली पाहिजे. केंद्र बदलावंच लागलं तर फक्त रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. जुन्या तपासणीची सीडी किंवा पूर्ण डिजिटल प्रती सोबत हव्यात.

पायरी पाचवी: मोजमाप, आणि आकड्यांची लबाडी

सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे रेसिस्ट १.१. सर्वात लांब व्यास मोजायचा. तो किमान ३० टक्के कमी झाला तर आंशिक प्रतिसाद, पूर्ण नाहीसा झाला तर पूर्ण प्रतिसाद, किमान २० टक्के आणि निदान ५ मिमी वाढला तर रोगाची वाढ, आणि यांच्या अधेमधे ते स्थिर. पद्धत सोपी आहे, पण गाठी काही चेंडूसारख्या आकसत नाहीत.

वरचंच उदाहरण घेऊ. गाठ ४.० × ३.० × ३.० सेंमीची होती. तीन सायकलनंतर ती ३.२ × २.० × १.८ सेंमी झाली. लांब व्यास ४.० वरून ३.२, म्हणजे घट २० टक्के. रेसिस्टच्या भाषेत रोग स्थिर. आता घनफळ काढू: तिन्ही मापांचा गुणाकार गुणिले ०.५२. आधी साधारण १९ घन सेंमी, आता सुमारे ६. घट दोन-तृतीयांशांहून थोडी जास्तच. एकाच रुग्णाच्या एकाच चित्रांवरून एक रिपोर्ट घरच्यांना हादरवेल आणि दुसरा दिलासा देईल. आणि दोन्हींतली मापं बरोबर आहेत.

घनफळ हे जास्त बोलकं माप आहे, याला आधारही आहे. आय-स्पाय वन चाचणीसोबत झालेल्या एसीआरआयएन ६६५७ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. त्यात एमआरआयवरची मापं हाताच्या तपासणीपेक्षा सरस ठरली, आणि उपचारांच्या सुरुवातीच्या टप्प्यात घनफळातला बदल सर्वात उपयोगी निघाला. तिथे वापरलेलं फंक्शनल ट्यूमर व्हॉल्यूम म्हणजे ठरावीक पातळीपेक्षा जास्त उजळणाऱ्या भागाचंच घनफळ. हे मोजायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल तरी तिन्ही व्यास लिहायला काहीच लागत नाही, आणि ते न लिहिण्याला माझ्या मते सबब नाही.

आकसण्याची तऱ्हा आकड्याइतकीच महत्त्वाची. काही गाठी चहूबाजूंनी मध्याकडे आकसत जातात. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू प्रकारात हे जास्त दिसतं. काही गाठी मात्र वाळवी लागलेल्या लाकडासारख्या होतात: बाहेरून लांबी तीच, आत ठिकठिकाणी पोकळ. हार्मोन पॉझिटिव्ह आणि लोब्युलर प्रकारात ही तऱ्हा वारंवार भेटते. इथे सर्वात मोठा तुकडा मोजून "१.२ सेंमी उरली" असं लिहिणं घातक आहे. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंतची पूर्ण व्याप्ती लिहायची, कारण सर्जनला तेवढा भाग काढायचा आहे.

डिफ्यूजनबद्दल थोडक्यात. या प्रकारच्या चित्रांना कॉन्ट्रास्ट लागत नाही. पेशी दाटीवाटीने असतील तर पाण्याच्या हालचालीला अडसर येतो आणि एडीसी हा आकडा कमी येतो. पेशी मेल्या की तो वाढतो. ऐकायला फार छान वाटतं. पण एसीआरआयएन ६६९८ या अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतरच्या एडीसीतल्या बदलाची पीसीआर सांगण्याची ताकद बेताचीच निघाली. जोड म्हणून वापरावं, एकट्याने निर्णय घेऊ नये.

पायरी सहावी: मधल्या एमआरआयचं करायचं काय

तीन शक्यता असतात. गाठ चांगली आकसतेय: ठरलेला उपचार पूर्ण करायचा, मध्येच थांबवायचा नाही. "आता दिसतच नाही, मग उरलेल्या सायकल कशाला" हा प्रश्न साहजिक आहे, पण चित्रातून गाठ जाणं आणि पेशी संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

गाठ वाढतेय: हे थोड्याच रुग्णांत होतं, पण झालं तर थांबून विचार करायलाच हवा. औषध बदलायचं की लगेच ऑपरेशन, हे ऑन्कोलॉजिस्ट, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात. त्याआधी वाढ खरी आहे का हे तपासावं. बायोप्सीनंतर साचलेलं रक्त, सूज किंवा दोन तपासण्यांतला पद्धतीचा फरक यांनीही गाठ मोठी दिसू शकते. साचलेलं रक्त कॉन्ट्रास्टच्या आधीच्या चित्रातही पांढरं दिसतं, म्हणून आधीचं चित्र नंतरच्यातून वजा करून पाहिलं की खरं उजळणं कळतं.

तिसरी, आणि सर्वाधिक घालमेल करणारी: फारसा फरक नाही. इथे गाठीचा प्रकार पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठी केमोला मुळातच सावकाश प्रतिसाद देतात. त्यांच्यात पीसीआर कमीच मिळतो आणि तो न मिळणं म्हणजे उपचार फसले असं होत नाही, कारण त्यांचा मुख्य भार ऑपरेशननंतरच्या अनेक वर्षांच्या हार्मोनविरोधी गोळ्यांवर असतो. तोच संथपणा ट्रिपल निगेटिव्हमध्ये दिसला तर काळजीचं कारण आहे.

पायरी सातवी: शेवटचा एमआरआय वाचताना

शेवटच्या केमोनंतर साधारण दोन आठवड्यांनी हा एमआरआय करतात आणि मग फार काळ न दवडता ऑपरेशन होतं. दोन महिन्यांपूर्वीच्या चित्रावर ऑपरेशन आखणं बरोबर नाही.

वाचताना पहिला नियम: उशिराच्या मालिका टाळायच्या नाहीत. उपचारांआधी गाठ झटकन उजळून झटकन मावळायची. उपचारांनंतर उरलेला रोग बऱ्याचदा संथपणे, हळूहळू उजळतो. फक्त पहिल्या दोन मिनिटांची चित्रं पाहिली तर तो निसटतो. मूळ गाठीच्या जागी भोवतालच्या ऊतकापेक्षा जराही वेगळं उजळणं दिसलं तर ते लिहायचं, "नाही" म्हणून मोकळं व्हायचं नाही. टॅक्सेन गटातली औषधं आणि रक्तवाहिन्यांवर काम करणारी बेव्हॅसिझुमॅबसारखी औषधं पेशी न संपवताही उजळणं दाबू शकतात. म्हणजे चित्र निर्मळ, रोग शिल्लक.

उलट दिशेनेही चूक होते. चट्टा, दाह किंवा उरलेला डीसीआयएस उजळतो आणि आक्रमक रोग शिल्लक असल्यासारखा दिसतो.

किती भरवसा ठेवायचा? आठ संस्थांतल्या ७४६ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या टीबीसीआरसी ०१७ या अभ्यासात ज्यांच्या एमआरआयवर गाठ पूर्ण गेलेली दिसत होती, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्याच रुग्णांना प्रत्यक्षात पीसीआर मिळाला होता. ट्रिपल निगेटिव्ह आणि हार्मोन निगेटिव्ह हर-टू प्रकारात हे प्रमाण बरं होतं, हार्मोन पॉझिटिव्हमध्ये कमी. गाठीच्या मापातही एमआरआय सरासरीने पॅथॉलॉजीच्या जवळ जातो, पण एखाद्या रुग्णात दोन्ही बाजूंना मोठा फरक पडू शकतो. तरीही हाताच्या तपासणीपेक्षा आणि मॅमोग्राफीपेक्षा तो उजवाच.

मॅमोग्राफीला मात्र रजा देता येत नाही. कॅल्शियमचे बारीक कण एमआरआयला दिसत नाहीत. आणि हे कण औषधाने विरघळतही नाहीत; रोग संपला तरी कण जागच्या जागी राहू शकतात. बेसलाइनला संशयास्पद कण गाठीबाहेर पसरलेले असतील, तर एमआरआय स्वच्छ असला तरी तो भाग काढावा लागतो. अशा वेळी रुग्णाला "गाठ गेली म्हणता, मग एवढं का कापलं" असं वाटतं. ते ऑपरेशनच्या आधी समजावलेलं बरं.

काखेबाबत एमआरआयवर विसंबू नये. कॉइलच्या कडेला काखेचा बराच भाग अर्धवट येतो, आणि केमोनंतर ग्रंथी आकाराने साधी दिसली तरी आत रोग असू शकतो. काखेसाठी सोनोग्राफी, आणि अंतिम उत्तरासाठी क्लिप लावलेली ग्रंथी व सेंटिनल ग्रंथी (स्तनातून रोग सर्वात आधी जिथे पोहोचतो ती) काढून तपासणं.

पायरी आठवी: ऑपरेशनच्या टेबलापर्यंत

एमआरआय स्वच्छ आहे, तर ऑपरेशन टाळता येईल का? आजच्या घडीला नेहमीच्या उपचारांत याचं उत्तर नाही असंच आहे. नेदरलँड्समधल्या मिक्रा अभ्यासात, एमआरआयवर चांगला प्रतिसाद दिसलेल्या रुग्णांत ऑपरेशनच्या वेळी सोनोग्राफीखाली सुईने नमुने घेतले. ज्यांच्यात रोग खरोखर उरला होता, त्यांपैकी ३७ टक्के रुग्णांत सुईला तो सापडलाच नाही. दुसऱ्या बाजूला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत ५० रुग्ण होते, सगळे ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह. व्हॅक्यूमच्या जाड सुईने भरपूर नमुने घेऊन ३१ जणींत रोग नसल्याचं ठरलं, त्यांना फक्त रेडिएशन दिलं, आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ (मध्यक) लक्ष ठेवल्यावरही कोणाचाही रोग त्या स्तनात उलटला नव्हता. आशा वाटावी असं आहे, पण हा मार्ग सध्या चाचणीच्या चौकटीतच घ्यायचा.

एमआरआयने बदलतं ते ऑपरेशनचं आकारमान. गाठ मध्याकडे आकसली असेल तर सर्जनला मूळ ४ सेंमीचा भाग काढायची गरज नसते. उरलेला रोग आणि क्लिप धरून, स्वच्छ कडा मिळतील एवढं पुरतं. वाळवीसारखी तऱ्हा असेल तर मूळ व्याप्तीच धरावी लागते. दाहक, म्हणजे इन्फ्लमेटरी प्रकारच्या कर्करोगात एमआरआय कितीही सुधारला तरी पूर्ण स्तन काढणं हाच नेहमीचा उपचार आहे. तिथे एमआरआयकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सर्जनला भेटताना शेवटचा रिपोर्ट, बेसलाइनचा रिपोर्ट आणि शेवटची मॅमोग्राफी तिन्ही सोबत न्या. विचारायचे प्रश्न फार नाहीत: उरलेली एकूण व्याप्ती किती, सर्वात मोठा तुकडा किती हे नव्हे, क्लिप त्या भागातच आहे का, कॅल्शियमचे कण कुठपर्यंत आहेत, आणि काखेत कोणती ग्रंथी काढणार.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की तो एमआरआयच्या शेजारी ठेवून वाचायचा. पॅथॉलॉजिस्ट उरलेल्या रोगाची मापं, त्यातल्या जिवंत पेशींचं प्रमाण आणि ग्रंथींतला रोग एकत्र करून रेसिड्युअल कॅन्सर बर्डन काढू शकतात. शून्य म्हणजे पीसीआर, आणि पुढे एक ते तीन असे चढते वर्ग. एमआरआयने १ सेंमी सांगितलं आणि पॅथॉलॉजीत ३ सेंमी निघालं तर घाबरण्याआधी पाहा: त्या ३ सेंमीत तुरळक विखुरलेल्या पेशी आहेत की सलग गाठ, आणि त्यात डीसीआयएस किती. पुढचं औषध या रिपोर्टवर ठरतं, एमआरआयवर नाही. क्लिप काढलेल्या तुकड्यात सापडल्याचा उल्लेख रिपोर्टमध्ये नसेल, तर टाके काढायला जाल तेव्हा तो प्रश्न आवर्जून विचारा.